मिसिंग : ठिणगी नेमकी कुठे अडते?

पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण वेळेवर पेटले नाही, किंवा पेटलेच नाही, की त्या सिलिंडरचा त्या फेरीतला जोर वाया जातो. गॅरेजमध्ये याला मिसिंग म्हणतात. सिग्नलला उभी असलेली गाडी थरथरते आणि तो हादरा स्टिअरिंगपर्यंत पोचतो. मागून तुटक फटफट ऐकू येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही, आणि सायलेन्सरजवळ कच्च्या पेट्रोलचा वास येतो. मारुती ८००सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर बसला की तिसरा हिस्सा ताकद गेली. चार सिलिंडरच्या इंजिनात चौथा. त्यामुळे तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत हा दोष अधिक जाणवतो.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणातले मिश्रण, पुरेसे कॉम्प्रेशन आणि नेमक्या क्षणी पडणारी जोरकस ठिणगी. तिन्हींपैकी कशातही खोट आली तरी चालवणाऱ्याला ती जवळजवळ सारखीच जाणवते. तपासणी बहुधा ठिणगीपासून सुरू होते, कारण प्लग हा झिजणारा भाग आहे, कॉइल आणि वायरिंग उष्णतेने थकतात, आणि हे सगळे पान्याने व साध्या मीटरने हाताशी येते. पण हीच सोय अंगाशीही येते. हे भाग बदलायला सोपे असल्याने ते न तपासताच बदलले जातात, बिल होते आणि मिसिंग तसेच राहते. प्रत्येक पायरीला एक शंका दूर करत गेले, तर कुठलाही भाग विकत घेण्याआधी दोष सापडतो.

बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या टोकांमधली फट साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते, आणि दाबलेल्या हवेतून ती ओलांडायला दहा हजारांहून अधिक व्होल्ट लागतात. हे अंतर कॉइल भरून काढते. लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात : प्रायमरीत जाड तारेचे थोडे वेढे, सेकंडरीत केसासारख्या बारीक तारेचे सुमारे शंभरपट वेढे. प्रायमरीतून काही मिलिसेकंद करंट वाहतो, चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि करंट अचानक तोडला की ते क्षेत्र कोसळते. त्या धक्क्याने प्रायमरीत काहीशे व्होल्ट आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उठतात. ठिणगी पडते ती करंट तोडण्याच्या क्षणी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २५ ठिणग्या लागतात, चार सिलिंडरच्या इंजिनाला १००.

यातली एक गोष्ट निदानासाठी फार महत्त्वाची आहे. कॉइलचा व्होल्टेज ठरावीक नसतो. प्लगची फट ओलांडली जाईपर्यंतच तो चढतो. प्लग नवा असेल तर १०-१५ हजारांत काम भागते. टोके झिजून फट रुंदावली की त्याच कॉइलला दरवेळी कितीतरी वर चढावे लागते, आणि तो ताण तिच्या आतल्या इन्सुलेशनवर येतो. झिजलेला प्लग अशा रीतीने कॉइललाही खातो. त्यामुळे कॉइल बदलून जुना प्लग तसाच ठेवणे म्हणजे नव्या कॉइलचे आयुष्य पहिल्या दिवसापासून कमी करणे.

करंट तोडण्याचे काम कोण करते, यावरून इग्निशनच्या पिढ्या पडतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि करंट तोडणारे पॉइंट यांची जी जुळणी केली, ती पुढे अनेक दशके जगभरच्या गाड्यांत राहिली. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही तीच होती : एक कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे जुन्या मिस्त्र्यांचा डेल्को. पॉइंट जळणे, कंडेन्सर जाणे, डेल्कोच्या टोपीला पावसाळ्यात दव धरणे हे त्या गाड्यांचे नेहमीचे आजार. पुढे पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर आला, मग डेल्कोच गेला. काही गाड्यांत दोन सिलिंडरमागे एक अशी जोडकॉइल आली. चार सिलिंडरच्या इंजिनात ती पहिल्या-चौथ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते. आज बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते आणि करंट कधी तोडायचा ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो.

गाडीत यातली कोणती रचना आहे हे कळले की अर्धे निदान बॉनेट उघडल्या उघडल्या होते. जोडकॉइलच्या गाडीत पहिला आणि चौथा सिलिंडर एकदम मंदावले, तर ती कॉइल किंवा तिची वायर आधी पाहावी. दोन प्लग एकाच दिवशी जाण्याची शक्यता कमी. स्वतंत्र कॉइलच्या गाडीत एकच सिलिंडर चुकत असेल तर दोष त्याच्या प्लगमध्ये, कॉइलमध्ये, प्लगवर चढणाऱ्या रबरी बुटात किंवा कनेक्टरमध्ये शोधायचा. आणि सगळेच सिलिंडर आलटून पालटून चुकत असतील तर चार कॉइल बदलण्यात काही अर्थ नाही. तेव्हा सगळ्यांना सामाईक असलेले भाग तपासावेत : फ्यूज, रिले, अर्थिंग, बॅटरीचा व्होल्टेज, क्रँक सेन्सर.

ईसीएममधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर इथे मदतीला येतो, पण त्याला काय कळते आणि काय कळत नाही हे माहीत हवे. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चकतीसमोर एक सेन्सर असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला छोटा धक्का बसून तो किंचित वेगाने फिरतो. पेटला नाही तर वेग क्षणभर घटतो. ईसीएम हा चढउतार मोजतो आणि पी०३०१, पी०३०२ असे कोड साठवतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे चूक एका सिलिंडरपुरती नाही. म्हणजेच पी०३०२ एवढेच सांगतो, की दुसऱ्या सिलिंडरच्या पाळीला शाफ्टला अपेक्षित धक्का बसला नाही. कारण ठिणगी होती, इंजेक्टर होता की जळलेला व्हॉल्व्ह, हे त्याला ठाऊक नसते. पी०३५१पासून पुढचे कोड मात्र कॉइलच्या सर्किटविषयीच असतात. ते सोबत आले असतील तर वायरिंग आणि कॉइलकडे थेट जावे. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठते : इंजिनाचा वेग, त्यावरचा भार, पाण्याचे तापमान. ही नोंद वाचण्याआधी कोड पुसून टाकणे म्हणजे हातचा पुरावा फेकून देणे, आणि घाईत नेमके तेच होते.

स्कॅनर फसवतो अशीही एक जागा आहे. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखादा सिलिंडर पेटला नाही की त्यातला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो. सेन्सर त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी आहे असा लावतो, आणि ईसीएम आणखी पेट्रोल सोडू लागतो. त्यामुळे मूळ दोष ठिणगीचा असूनही पडद्यावर पी०१७१, म्हणजे पेट्रोल कमी असल्याचा कोड दिसू शकतो आणि इंजेक्टर साफ करण्यात वेळ व पैसा जातो. मिसिंग आणि कमी पेट्रोल असे दोन्ही कोड एकत्र आले तर आधी मिसिंगचा छडा लावावा.

मिसिंग केव्हा होते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा गाडीमालकाकडेच असते. चढावर, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी धक्के देते आणि सपाटीवर सुरळीत चालते, तर ठिणगी कमजोर असण्याचा संशय बळावतो. भार वाढला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि फट ओलांडायला लागणारा व्होल्टेजही वाढतो. खंडाळ्याचा किंवा आंबा घाटाचा चढ अशा कॉइलचा कस काढतो. उलट, नुसते उभे असताना मिसिंग आणि वेग घेतल्यावर ठीक, तर हवेची गळती आधी शोधावी. गाडी तापल्यावर सुरू होणारे मिसिंग बहुधा कॉइलचे असते : आतली बारीक तार किंवा इन्सुलेशन उष्णतेने प्रसरण पावून फटते, आणि गाडी थंड झाली की सगळे पुन्हा जागेवर येते. पावसाळ्यात किंवा इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्यावर सुरू झालेले मिसिंग ओलाव्याचे. प्लग ज्या खोल खळग्यात बसतो त्या विहिरीत साचलेले चमचाभर पाणीही करंटला बाजूची वाट करून देते.

मुंबई-पुण्याकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ, आणि त्यांच्यात हा दोष लवकर उघडा पडतो. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागतो. प्लग झिजायला लागला की गाडी पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग, असे काही काळ चालते. गॅस किटचा दोष असूही शकतो, पण किट उघडण्याआधी प्लग काढून पाहणे स्वस्त आणि सोपे असते. सीएनजी गाडीत प्लग बदलण्याचे अंतर पेट्रोल गाडीपेक्षा कमी ठेवावे लागते ते याचसाठी.

कोणता सिलिंडर चुकतो हे कळल्यावर सर्वांत खात्रीची आणि फुकटची चाचणी म्हणजे अदलाबदल. समजा कोड पी०३०२ आहे. इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावे, दुसऱ्या सिलिंडरवरच्या कॉइलवर मार्करने खूण करावी आणि ती तिसऱ्या सिलिंडरवरच्या कॉइलशी बदलावी. रबरी बूट प्लगला चिकटलेला असतो. तो सरळ उपसला तर फाटतो, म्हणून आधी थोडा पिळून सैल करावा. कोड नोंदवून पुसावेत आणि मिसिंग ज्या परिस्थितीत होत होते त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. चढावरचा दोष गॅरेजच्या दारात इंजिन चालू ठेवून दिसणार नाही. आता कोड पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, निदान झाले. कोड पी०३०२ राहिला तर कॉइल निर्दोष. मग हाच खेळ प्लगबाबत करावा. प्लग बदलूनही दोष जागचा हलला नाही, तर दुसऱ्या सिलिंडरची वायरिंग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन एवढेच उरते. एका वेळी एकच भाग हलवायचा, हा नियम मोडला की सगळी चाचणी वाया जाते.

स्कॅनर नसेल तर इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलचा कनेक्टर काही सेकंद काढून पाहता येतो. चालता सिलिंडर बंद केला की इंजिन आणखी अडखळते. ज्याचा कनेक्टर काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच मेलेला सिलिंडर. ही चाचणी झटपट उरकावी, कारण तेवढा वेळ कच्चे पेट्रोल सायलेन्सरमध्ये जात असते. जुन्या पद्धतीने चालू इंजिनात प्लगची जाड वायरच ओढून हवेत धरणे मात्र कटाक्षाने टाळावे. वाट न मिळालेला व्होल्टेज कॉइल फोडून किंवा हातातून वाट काढतो, ईसीएमही निकामी होऊ शकतो, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इग्निशनच्या जवळ जाऊच नये.

काढलेला प्लग उजेडात धरून नीट पाहावा. तो बरेच काही सांगतो. टोकाशी फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. टोक पेट्रोलने ओले आणि काळे असेल तर मिश्रण येत होते, पण पेटत नव्हते. कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. चिकट तेल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. मधल्या टोकाच्या कडा गोल झाल्या असतील तर प्लगचे आयुष्य सरले, कारण ठिणगी तीक्ष्ण कडेवरून सहज सुटते. यानंतर पांढऱ्या चिनी मातीकडे वळावे. तिच्यावर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तीच चोरवाट : करंट टोकापर्यंत न जाता बाहेरून थेट लोखंडी अंगावर उतरत होता. त्या रेघेतला कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे ती पुसून भागत नाही. तशीच रेघ रबरी बुटाच्या आतही उमटलेली असते, म्हणून प्लग आणि बूट दोन्ही एकदम बदलावे लागतात. एकच बदलला तर जुना भाग नव्यावर पुन्हा रेघ पाडतो. लोखंडी षटकोनाच्या अगदी वर चिनी मातीभोवती जे तपकिरी कडे दिसते, ते मात्र बिनधोक असते. उच्च व्होल्टेजच्या भोवतीच्या क्षेत्रात हवेतले तेलाचे कण तिथे जमतात. गळती समजून असे चांगले प्लग उगाच फेकले जातात.

विहिरीत इंजिन ऑइल आढळले तर टॅपेट कव्हरचे सील गळते आहे. तेलाने बुटाचे रबर फुगते, मऊ पडते आणि मग करंट धरून ठेवत नाही. सील न बदलता नवा बूट टाकला तर काही महिन्यांत तो त्याच वाटेने जातो.

मीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजण्याची पद्धत जुनी आणि उपयोगी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. प्रायमरीत साधारण अर्धा ते दोन ओहम आणि सेकंडरीत काही हजार ओहम असावेत. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. तार तुटली असेल तर मीटर लगेच सांगतो. इन्सुलेशन फुटले असेल तर मात्र नाही, कारण मीटर तपासतो एखाद-दोन व्होल्टवर आणि ते फुटते हजारो व्होल्टवर. आजच्या पुष्कळ कॉइलमध्ये ट्रान्झिस्टर आतच बसवलेला असतो. तिथे या आकड्यांना अर्थही उरत नाही. अशा वेळी फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर लावून कॉइल मोठी फट ओलांडते का हे पाहणे योग्य. ठिणगी निळसर-पांढरी, जाड आणि टणत्कार करणारी हवी. पिवळट, बारीक ठिणगी मोकळ्या हवेत दिसली तरी दाबाखाली टिकत नाही.

वायरिंग हा सर्वांत कंटाळवाणा आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित भाग. चावी चालू करून कॉइलच्या कनेक्टरवर बॅटरीइतका व्होल्टेज मिळतो का हे आधी पाहावे. नुसत्या मीटरवर १२ व्होल्ट दिसतात आणि तरी कॉइल उपाशी राहते, असे घडते. वायरचे सगळे धागे तुटून एकच उरला असेल तरी मीटरला तेवढे पुरते. म्हणून त्याच जागी टेस्ट लॅम्प लावावा. तो मंद पेटला तर वायर वाटेत कुठेतरी खराब आहे. अर्थिंगही असेच तपासतात : इंजिन चालू असताना इंजिनाच्या धातूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला तर आकडा ०.१-०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर अर्थची पट्टी सैल आहे किंवा गंजली आहे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, आणि पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायर कुरतडतात. कुरतडलेली वायर बहुतेकदा नजरेआड, इंजिनाच्या मागच्या बाजूला असते. इंजिन चालू असताना वायरिंगचा जुडगा लाकडी काठीने हळूच हलवून पाहिला आणि मिसिंग येऊ-जाऊ लागले, तर जागा सापडली.

सगळे इंजिनच क्षणभर मरते आणि पुन्हा धरते, अशा वेळी टॅकोमीटरच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. गाडी पळत असतानाच काटा एकदम शून्यावर पडला तर क्रँक सेन्सरचा संदेश तुटतो आहे, असा अंदाज करता येतो; हा सेन्सरही तापल्यावर दगा देणाऱ्यांपैकीच. बॅटरी आणि अल्टरनेटरही विसरू नयेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. ते नसतील तर प्रत्येक कॉइल अर्धवट भरते.

दुरुस्तीत नवे प्लग थंड इंजिनातच बसवावेत. आधी ते हाताने आट्यांत फिरवावेत आणि पान्याचा जोर मोजून लावावा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. इरिडियमच्या प्लगचे मधले टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते. त्याची फट ठोकून किंवा पाना घालून वाकवू नये.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर अर्थ वेगळा आहे : इतके कच्चे पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आहे, की त्याची सिरॅमिकची जाळी वितळू शकते. कन्व्हर्टरची किंमत एका कॉइलच्या कितीतरी पट असते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्यावी. आणि दुरुस्तीनंतर काढलेला भाग परत मागावा, तो कोणत्या चाचणीने दोषी ठरला हेही विचारावे. ज्या मिस्त्रीने खरोखर चाचणी केली आहे, तो ते दोन वाक्यांत सांगतो.